ऑपरेशन झालं तरी ससे चढतातच, घाबरू नका

आमच्या मोती (नर) आणि काजू (मादी) या दोन्ही सशांचं नसबंदीचं ऑपरेशन झाल्यावर घरी सगळ्यांना वाटलं की चला आता ठेवा एकत्र, पण तसं नसतं हो. नराचे हार्मोन्स उतरायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात आणि तेवढ्यात तो ऑपरेशन न झालेल्या मादीला गाभणसुद्धा करू शकतो. शिवाय मादीच्या पोटाचे टाके नीट भरायला हवेत, त्यावर कुणी उडी मारली तर हाल तिचेच.

आणि चढणं म्हणजे फक्त सेक्स नाही, वरचढ कोण हेही त्यातून ठरतं, आमच्याकडे तर काजूच, म्हणजे मादीच, जास्त चढते! खालचा शांत असेल तर थोडा वेळ होऊ द्यायचं मग हळूच बाजूला करायचं, सारखं मध्ये पडलं तर त्यांचं काही ठरतच नाही. पण तोंडाच्या बाजूने उलटं चढला तर लगेच उचला प्लीज, खालच्याने चावा घेतला तर नाजूक जागी फार वाईट जखम होते.

भेटी दोघांनाही नवीन असलेल्या जागेतच करा, आम्ही पाहुण्यांची खोली वापरली. आता मोती तिचं डोकं चाटतो, इतकं बरं वाटतं! तरी कान मागे आणि शेपटी ताठ वर दिसली की त्या दिवसाची भेट तिथेच थांबवते मी.