गढूळ पाण्यातलं जाडजूड ल्युअर

पाऊस लागला की सगळं कोल्हापूर फुटात बोलायला लागतं. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती, 39 ला इशारा, 43 ला धोका, चहाच्या गाड्यावर पण तेच. गळवाल्यांचं लक्ष मात्र फुटापेक्षा रंगावर, कारण भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी सगळ्यांनी माती आणून पंचगंगेत ओतली की पाणी नुसतं दुधाच्या चहासारखं होतं आणि उन्हाळ्यात भारी चाललेलं ते बोटाएवढं चंदेरी ल्युअर, म्हणजे गळाचं नकली आमिष, डब्यातच बरं. (पुरात काठावर जायचंच नाही, मी बोलतोय ते पाणी पात्रात परत गेल्यानंतरचं.)

तपासायचं कसं, तर काठालगत ल्युअर पाण्यात सोडायचं आणि बघायचं. वीतभर खाली जायच्या आत दिसेनासं झालं की सरळ मोठं काढायचं. माशाच्या दोन्ही कुशीला कल्ल्यापासून शेपटीकडं एक रेघ असते, पार्श्वरेषा, तिच्यातनं त्याला पाण्याची हालचाल कळते. डोळ्याचं काम भागेना झालं की मासा या रेघेच्या भरवशावर, आणि जाड ल्युअर पाणी जास्त ढकलतं, एवढंच त्याचं गणित.

म्हणून स्पिनरबेट, म्हणजे ओढताना फिरणारं पातं लावलेलं ल्युअर, घेताना मी पातं आधी बघतो. लांबट विलो पातं चकाकतं छान, पण चकाकायला उजेड लागतो की. गोल कोलोरॅडो पातं दिसायला बोजड, पण अगदी हळू ओढलं तरी धडधडतं, ती थरथर रॉडच्या मुठीपर्यंत येते, आणि मधेच गप झाली की समजायचं पात्याला शेवाळ गुंडाळलंय. रंग काळा नाहीतर भडक पोपटी. काळा ऐकून लोक हसतात, पण खालनं बघणाऱ्या माशाला आभाळाच्या उजेडावर काळी सावलीच उठून दिसते.

शेजारी गांडूळ लावून बसलेले एक मामा माझं ल्युअर बघून म्हणाले, "एवढं मोठं? मगर धरणार हाईस व्हय रं?"

म्हटलं, "मामा, दिसत न्हाई तर कळू तरी दे की त्याला."

मामांचं पण चुकत नाही म्हणा. शिंगाळा, वाम असले मासे वासावर येतात, त्यांना गढूळ काय आणि नितळ काय. पण मरळ धरायची तर जलपर्णीच्या कडेनं रबरी बेडूकच ओढायला पाहिजे, हुक पाठीला चिकटून वर असतात म्हणून अडकत नाही. मोठा घ्यायचा, सावकाश ओढायचा, त्याच जागेवर परत परत टाकायचा, कारण तिला नेमकी जागा सापडायला वेळ लागतो. आणि फटका बसला की लगेच हिसका द्यायचा नाही, बेडूक तोंडात नीट जाऊ द्यायचा, हे सांगायला सोपं आहे.

पिशवी बहुतेक वेळा मामांचीच जड. पण जलपर्णीत मरळीचा तो धप्प आवाज ऐकायला मिळणार असंल तर रविवारचा तांबडा-पांढरा गार झालेला चालतो मला.