ह्यूस्टनच्या परसातला आंबा, कढीपत्ता आणि उत्तरेचा गारठा

ह्यूस्टनकडच्या मराठी घरांच्या परसात कढीपत्ता, शेवगा, केळ, मोगरा, जास्वंद, अळू हे ठरलेलं असतं, आणि हौस दांडगी असेल तर आंब्याचं एखादं कलमही. बहुतेक हिवाळे ही मंडळी निभावून नेतात. मग एखादं वर्ष येतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या मोठ्या विमानतळावर पारा १३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे ११ सेल्सियसला उतरला. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर पुन्हा कडाका पडला. २१ जानेवारी २०२५ ला तर ह्यूस्टनपासून पार फ्लोरिडापर्यंत मेक्सिकोच्या आखाताच्या काठाकाठाने बर्फ पडला. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ८ इंच. कुठली झाडं हिवाळा काढतील हे सांगणारा झोन-नकाशा या भागाला ९ नंबर देतो, पण तो वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीची तीस वर्षांची सरासरी सांगतो. त्या सरासरीच्या भरवशावर आंबा लावायला हरकत नाही. मात्र तयारी त्याहून वाईट रात्रीची ठेवा.

थंडी दोन तऱ्हेची असते आणि दोन्हींवर उपाय वेगळा. पहिली शांत रात्रीची: आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि पहाटे गवतावर दहिवर गोठतं. निफाडकडचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात, ते या थंडीवर. दुसरी उत्तरेच्या वाऱ्याबरोबर येणारी. कॅनडाकडून कोरडी हवा टेक्सासच्या सपाट मुलखातून थेट खाली उतरते आणि दिवसाही पारा ३२ च्या (फॅरनहाइट, म्हणजे पाणी गोठण्याच्या बिंदूच्या; पुढचे अंशही फॅरनहाइटच) वर येत नाही. इथे शेकोटीची ऊब वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि झाडावर सैल टाकलेली चादर पहाटे शेजाऱ्याच्या कुंपणावर सापडते.

अंदाज वाचताना नुसता नीचांक पाहू नका, ३२ च्या खाली किती तास राहणार ते पाहा. ३० अंश दोन तास आणि ३० अंश चौदा तास यांत नुसती पानं जाणं आणि खोड जाणं एवढा फरक आहे. २८ च्या खाली बरेच तास जाणार असतील तर ते ‘हार्ड फ्रीझ’, म्हणजे कडक गारठा, धरा. विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला किती थंडी जाणवते त्याचा, आकडा झाडांसाठी सोडून द्या. तो उबदार अंगासाठी काढलेला असतो. वाऱ्याने झाड लवकर गार होतं, सुकतं, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही. उलट शांत निरभ्र रात्री अंदाजात ३५ असूनही पानावर दहिवर गोठू शकतं, कारण तापमापक माणसाच्या उंचीवर असतो आणि जमिनीलगत त्याहून गार असतं.

तयारी आदल्या दिवशी दुपारी, ऊन असतानाच. एक-दोन दिवस आधी आळ्यात भरपूर पाणी द्या, कारण ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. पानांवर मात्र पाणी मारू नका. संत्र्यांच्या बागांत फवाऱ्याने बर्फ चढवून झाडं वाचवतात हे खरं; पाणी गोठताना उष्णता सोडतं म्हणून ते जमतं. पण तो फवारा बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू लागतो, आणि कोरड्या वाऱ्यात पाणी उडून जाताना गोठण्याने मिळते त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता ओढून नेतं. मधेच नळ गोठला की झाड न भिजवता सोडलं असतं तर बरं, अशी गत होते.

झाकण्यासाठी दर चौरस यार्डाला दीड औंस वजनाचं फ्रॉस्ट क्लॉथ (झाडांना थंडीत पांघरायचं हलकं कापड) घ्या. शांत रात्री त्याच्या आत बाहेरपेक्षा साधारण ४ ते ६ अंश जास्त राहतं. जुन्या चादरी चालतात, पण भिजल्या की जड होऊन फांद्या मोडतात. बांबूचे किंवा पीव्हीसी पाइपचे तीन-चार खांब रोवून कापड त्यावर टाका आणि चहूबाजूंनी जमिनीपर्यंत आणून विटांनी दाबा. सगळी ऊब जमिनीतून वर येते. म्हणून शेंड्यावर कापड गुंडाळून बुंध्याशी सुतळीने आवळलेलं झाड जवळजवळ उघडंच असतं. रस्त्यारस्त्यावर हेच दिसतं. प्लॅस्टिक वापरायचं तर कापडाच्या वरून, वारा आणि पाऊस अडवायला. पानाला ते जिथे टेकतं तिथे पान जळतं, आणि सकाळी ऊन पडलं की आत वाफ धरते. पारा ३२ च्या वर गेला की आधी ते काढा.

आत ऊब द्यायची तर नाताळच्या माळेतले, जुन्या तारेचे मोठे सी-९ बल्ब. ७ वॅटच्या २५ बल्बांची एक माळ म्हणजे १७५ वॅट, पुरुषभर उंचीच्या झाडाला बरी पुरते. एलईडी माळ जवळपास गारच राहते. माळ बुंध्यापासून खालच्या फांद्यांपर्यंत फिरवा, बल्ब कापडाला टेकू देऊ नका, वायर बाहेरच्या वापराची आणि प्लग जीएफसीआय (वीज गळली की लगेच तोडणारी सोय) असलेल्या सॉकेटमध्येच. ३५ अंशांना सुरू आणि ४५ ला बंद होणारे प्लग मिळतात, ते घ्या. पण २०२१ ला नेमकी वीजच गेली होती, आणि बल्बांवर सगळी भिस्त ठेवलेल्या बागा पहिल्याच रात्री उघड्या पडल्या. तेव्हा वीज असो-नसो, बुंध्याभोवती मातीची भर (कशी ते पुढे येतं) आधी घाला. आणि कुंड्या गॅरेजमध्ये ठेवून तिथे कोळशाची शेगडी किंवा जनरेटर चालवायचा विचारही नको. त्या आठवड्यात ह्यूस्टनमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली.

आता आंबा. लहान कलमाला २९-३० अंशांत इजा होते; मोठं, जून लाकडाचं झाड २५ पर्यंत काही तास काढतं, मोहोर मात्र चाळिशीच्या खाली गेलं की बिघडतो. सगळं झाड वाचवायच्या नादात लोक शेंड्याला पांघरूण घालतात आणि कलमाचा जोड विसरतात. जोड मेला तर खालून फुटेल तो खुंट. हापूस असो की केसर, ते संपलं. म्हणून जोडाच्या वर निदान फूटभर जाईल एवढा कोरड्या मातीचा ढीग बुंध्याभोवती घाला. लाकडाचा भुसा किंवा पाला नको, त्यात हवा खेळते आणि ओल धरली की साल कुजते. ढीग घालण्याआधी बुंध्याला मुंगळे-वाळवी लागलेली नाही ना बघा. वरचं सगळं गेलं तरी मातीच्या आतली वीतभर साल हिरवी राहते आणि त्याच जातीचा फुटवा येतो. थंडीचा धोका टळला की माती काढा, उन्हाळ्यापर्यंत ठेवली तर बुंधा सडतो.

केळीचा हिशेब वेगळा. पानं पहिल्या दहिवरातच काळी पडतात, त्यांचं दुःख करू नका. गड्ड्यावर फूटभर पालापाचोळा टाकला की मुनवे हमखास येतात. पण मुनव्याला घड यायला वर्षभर लागतं आणि त्याआधी पुढचा हिवाळा येतो. म्हणूनच इथल्या कितीतरी केळी जन्मभर नुसती पानंच देतात. घड हवा असेल तर खोड वाचवा: पानं कापा, तीन-चार फुटांचं खोड उभं ठेवा, त्याला फ्रॉस्ट क्लॉथचे दोन-तीन वेढे द्या, भोवती जाळीचं कडं करून त्यात पाला दाबून भरा. वरचं तोंड झाका, पाणी आत गेलं तर पोंगा सडतो. मार्चमध्ये खोडाचा वरचा मऊ भाग थोडा थोडा कापत जा. मध्यभागी पांढरंशुभ्र, घट्ट दिसलं की थांबा.

कढीपत्ता कुंडीत असेल तर सरळ घरात. कुंडीतल्या मुळ्यांना जमिनीची ऊब नसते. गॅरेजमध्ये दोन-तीन दिवस अंधारात राहिला तर बिघडत नाही. पानं गळली तरी घाबरून पाणी ओतू नका, मुळं तेव्हा निजलेली असतात. शेवगा जमिनीपर्यंत मरतो आणि मुळावर पाला असेल तर पुन्हा फुटून झपाट्याने वाढतो. अळू, मोगरा, जास्वंद यांचंही बूड झाकलं की बहुधा भागतं. पपईला वाचवण्यात दम घालवू नका. तुळशीच्या मंजिऱ्या आधीच काढून ठेवा. लिंबाच्या जातीत कागदी लिंबू फार नाजूक, सात्सुमा संत्रं बरंच काटक.

खुद्द बर्फाला फार भ्यायचं कारण नाही. भुसभुशीत बर्फाखाली जमिनीलगतची रोपं उलट उबेत राहतात. फांद्या वाकल्या तर झाडूने खालून वर हलकेच उचलून पाडा. गोठून चिकटलेला असेल तर हात लावू नका. खरी भीती बर्फानंतरच्या निरभ्र रात्रीची. सकाळी सूर्य आला म्हणून पांघरुणं गुंडाळून ठेवली आणि त्याच रात्री सगळं गेलं, असं होतं.

मग आठवडाभरात बाग उकडलेल्या भाजीसारखी काळी-तपकिरी दिसते आणि हात कात्रीकडे जातो. केळ-पपईचा पिचपिचीत, वास मारणारा भाग तेवढा काढा. लाकडी झाडांना मार्चच्या मध्यापर्यंत हात लावू नका; मेलेल्या फांद्या पुढच्या थंडीत आतल्या जिवंत भागाला थोडा आडोसा देतात, आणि कापणीने कोवळी फूट लवकर निघते ती पुढच्या दहिवरात जाते. खतही तोवर नको. नखाने साल खरवडा: खाली हिरवं ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर बोटभर खाली पुन्हा खरवडा. आंब्याची साल कधी कधी महिन्याभराने उभी तडकते, म्हणून हिरवं दिसलं तरी छाटणीची घाई नको. पानं गेलेल्या बुंध्याला पांढरा लेटेक्स रंग निम्मे पाणी घालून लावा, नाहीतर एप्रिलचं ऊन ती साल भाजून काढतं. आणि आंब्याला फुटवे आले की ते जोडाच्या वरचे की खालचे ते आधी बघा. खालचे बोटभर असतानाच मोडा.