जळालेला प्लॉट आणि घोंगडीतलं कुसळ

२०१९ चा जून. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, माळावर आमचा एक कुंपण घातलेला प्लॉट होता, तीन वर्षं एक शेळी आत जाऊ दिली नव्हती, पाहुणा आला की आधी तोच दाखवायचो. मार्चमध्ये वणवा लागला आणि नेमका तोच जळाला. बाहेरच्या चरलेल्या माळावर आग आलीच नाही, कारण २०१८ च्या दुष्काळानंतर तिथं जळायला काडी राहिली नव्हती, आणि आत मात्र तीन वर्षांचं वाळकं गवत गुडघ्याएवढं साठलेलं. जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून कडेनं मोकळा केलेला पट्टा, काढायची राहून गेली, ती चूक माझीच.

जूनअखेर पहिला बरा पाऊस झाला तेव्हा आत काय उगवलंय ते मोजायची मीटर बाय मीटरची चौकट घेऊन गेलो. मनात एवढंच की रिपोर्टमध्ये 'नष्ट' लिहायचं आणि गप बसायचं.

तर काळ्या राखेत पवन्या गवताच्या ठोंबांतून हिरवे कोंब वर आलेले! पुस्तकात हे सगळं वाचलेलं होतं हो, गवताचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, जमिनीलगत असतो, वरून झरकन जाणारी आग त्याला सहसा मारत नाही. पण ठोंबांच्या मधे कुसळी गवताची बारीक रोपं इतकी, की मोजताना कंटाळा आला.

"हे कुठून आलं?" मी म्हणालो. मेंढरं घेऊन थांबलेले मामा हसले, खांद्यावरच्या घोंगडीतून मागच्या सालचं एक कुसळ उपटलं, तळहातावर ठेवलं आणि माझ्याच बाटलीतलं दोन थेंब पाणी टाकलं. कुसळाची काळी शेपटी हळूहळू पीळ सोडत फिरायला लागली, जिवंत किड्यासारखी. "बघा सायेब, आसं सोताला भुईत खुपसून घेतंय. आगीआधीच खाली जाऊन बसतंय." हेही वाचलं होतं मी, पण बघितलं कधी नव्हतं, लाज वाटली खरं सांगायचं तर.

मग बाहेर चौकट टाकली. तिथं आग नाही तरी हाल जास्त. तरोटा आणि गाजरगवताचं तण, पवन्याचे ठोंब हाताच्या बोटांवर, मारवेल हे दुसरं चाऱ्याचं गवत तर बांधाच्या काट्यात अडकलेलं तेवढंच. वरनं सतत ओरबाडलं की मुळं आखूड राहतात, त्यात दुष्काळ आला की ठोंब मरतो, आणि जो जगतो तो पहिल्या पावसात मुळातला साठा खर्चून कोंब काढतो, तर नेमकं त्याच वेळी जनावरं सुटतात.

मी मामांना म्हणालो, "मामा, निदान दीड महिना इथं मेंढरं घालू नका."

"बरं," म्हणाले, "पण दुष्काळाची चारा छावणी गुरांची हाय. माझ्या मेंढरानी दीड म्हैना काय तुमची चौकट खायाची?"

मला उत्तर सुचलं नाही. मामांनी शिट्टी मारली, कळप त्याच माळावरनं खाली उतरला, आणि मी संध्याकाळी सॉक्समधली कुसळं काढत बसलो.