तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारच्या इतक्या जाती कशाला?

गिटार शिकवतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. "एकीला नायलॉनच्या तारा, दुसरीला स्टीलच्या, तिसरी तर नुसता लाकडाचा ठोकळा. तारा सगळीकडे सहाच, सूरही तेच लावायचे. मग एवढे प्रकार कशाला?" माझं उत्तर थोडक्यात असं, की गिटारचा आवाज मुळातच लहान आहे आणि गेली दोनशे वर्षं माणसं तो मोठा करायच्या मागे लागली आहेत. ज्याला जो उपाय सुचला, त्याची एक जात झाली.

तार स्वतः जवळजवळ मुकीच असते. इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला (म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) न जोडता छेडून बघा, शेजारच्या खोलीत पत्ताही लागणार नाही. तार इतकी बारीक की हवेला ढकलणं तिला जमतच नाही. तिची थरथर ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीतून, पुढच्या फळीत उतरते, फळी हवा हलवते, तेव्हा कुठे आवाज होतो. साध्या गिटारवर एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, छेडा आणि ब्रिजच्या जरा मागे फळीवर तळहात टेकवा. तारा हलतानाच दिसतात, पण आवाज बसलेला असतो. तेव्हा फळी जितकी पातळ आणि मोकळी, तितकी ती बोलकी. अडचण अशी की तारांचा सगळा ताणही तिच्याच माथी. नायलॉनच्या सहा तारा मिळून साधारण ४० किलोंनी ओढतात, स्टीलच्या ७० किलोंच्या आसपास. आणि फळी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची. पातळ करावी तर वाकते, जाड करावी तर गप्प होते. गिटार बनवणाऱ्याची सगळी अक्कल या कात्रीतून वाट काढण्यात खर्च होते.

सोळाव्या शतकातली गिटार लहानशी, तारांच्या चार जोड्यांची होती. पुढे पाच जोड्या झाल्या. तारा जनावराच्या आतड्याच्या, आणि पडदे, म्हणजे ज्यांच्यावर तार दाबायची त्या आडव्या रेघा, तेसुद्धा आतड्याचेच, मानेभोवती बांधलेले. दालनात बसून गाण्याला साथ करायला एवढं पुरत होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोड्या जाऊन सहा एकेरी तारा आल्या. इथवरचा इतिहास मी भरभर उरकतो, कारण मला तोरेसपाशी पोचायची घाई असते.

आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हा स्पेनमधल्या अल्मेरियाचा, पेशाने सुतार. त्याने गिटारचं अंग मोठं केलं, फळी पातळ ठेवली आणि तिला आतून सात बारीक पट्ट्यांचा पंखा चिकटवला. ताकद पट्ट्यांनी द्यायची, आवाज फळीने. तारेची वाजती लांबी त्याने ६५० मिलिमीटरच्या आसपास ठेवली. आजही क्लासिकल गिटारचं हेच माप चालतं. पण त्याचं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे १८६२ सालची एक गिटार. तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त पुढची फळी नीट लाकडाची. आवाज फळीतून येतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीला कुठलं महागडं लाकूड घेऊ, यावर रात्र-रात्र खल करणाऱ्यांना मी हा पुठ्ठा आवर्जून ऐकवतो. त्यांना तो आवडत नाही.

या गिटारवर जी वादनाची पद्धत रुजली, तीही आवाजाच्याच हिशेबाने. क्लासिकलमध्ये एक ठोका असतो, आपोयांदो. बोट तार छेडून हवेत न सुटता वरच्या शेजारच्या तारेवर येऊन टेकतं. बोट आत दाबत आल्यामुळे तार फळीच्या दिशेने जास्त हलते आणि सूर भरीव निघतो. मुख्य चाल उठून दिसावी म्हणून तेवढे सूर आपोयांदोने घ्यायचे, बाकीचे साधे. स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोविया मोठमोठ्या सभागृहांत विनामाइक वाजवायचा, ते नखांच्या आणि अशा ठोक्यांच्या बळावर. नायलॉनच्या तारा मात्र बऱ्याच अलीकडच्या. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा दोरा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागला, तारा मिळेनात, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा तयार केल्या.

फ्लॅमेंको या स्पॅनिश नाच-गाण्याची अडचण वेगळी होती: समोर नाचणाऱ्याच्या टाचा. तिथे लांब रेंगाळणारा सूर काय कामाचा? हलक्या सायप्रस लाकडाची गिटार, तारा पडद्यांच्या अगदी जवळ, फळीवर बोटांनी ठोकायला चिकटवलेली पट्टी. बोटं एकामागून एक उलगडत तारांवर झोडायची, रास्गेआदो. आवाज कोरडा, पटकन उठणारा आणि पटकन विरणारा, म्हणूनच टाचांच्या गलक्यातून आरपार जाणारा.

अमेरिकेत वाट निराळी झाली. जर्मनीतून १८३३ साली न्यूयॉर्कला आलेल्या सी. एफ. मार्टिन या गिटार बनवणाऱ्याच्या कारखान्यात १८४० च्या दशकात फळीखाली दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेण्याची रीत सुरू झाली. तेव्हा तारा आतड्याच्याच होत्या. पुढे स्टीलच्या तारा आल्या, तेव्हा तो ताण पेलायला ही फुली आयती कामाला आली. १९१६ साली मार्टिनने रुंद कमरेची, धिप्पाड गिटार काढली आणि नाव दिलं ड्रेडनॉट, ब्रिटिश युद्धनौकेवरून. आज पिकने, म्हणजे बोटांत धरायच्या चपट्या तुकड्याने, सगळ्या तारांवर धडाधड स्ट्रमिंग करत गाणारे बहुतेक जण हाच आकार कुशीत घेऊन बसलेले असतात.

तरी जॅझच्या मोठ्या ताफ्यात, ट्रम्पेट आणि ड्रम्सपुढे, ड्रेडनॉटचीही डाळ शिजत नाही. तिथे व्हायोलिनसारखी कोरून घुमटाकार केलेली फळी आणि दोन बाजूंना एफ-आकाराची भोकं असलेली आर्चटॉप आली. गिब्सन कंपनीची एल-फाइव्ह ही अशीच गिटार, १९२२ ची. काउंट बेसीच्या ताफ्यातला फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळजवळ ५० वर्षं अशीच गिटार अ‍ॅम्पशिवाय वाजवत राहिला. तारा इतक्या उंच ठेवलेल्या, की दाबायला दुसऱ्या कुणाची बोटं पुरली नसती. उंच तारेवर जोरात मारलं तरी ती पडद्यावर आपटत नाही, म्हणून. दर मात्रेला एक कॉर्ड, तीही बहुधा दोन-तीनच सुरांची. सोलो जवळजवळ नाहीच. मला विचाराल तर गिटारवर लय धरणं म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकावं.

बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार रॉकसाठी नव्हती, जॅझसाठीही नव्हती. ती हवाईयन होती, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून स्टीलचा तुकडा सरकवत वाजवायची. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड पसरलं होतं. त्यात गिटार साथीला नसे, चालच वाजवी, म्हणून ती ऐकू येणं भागच होतं. आधी १९२७ मध्ये आतून अ‍ॅल्युमिनियमचे शंकू बसवलेली रेझोनेटर गिटार आली, मग १९३२ मध्ये रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन', हीच ती इलेक्ट्रिक. वाद्याच्या या बैठकीत मींड आयती मिळते. आपल्याकडच्या ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिचाच लाभ घेत गिटारवर राग वाजवले.

तारेच्या थरथरीची वीज करणाऱ्या पिकअपची युक्ती साधी. तारेखाली चुंबक, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार वर थरथरली की वेढ्यांत तशीच थरथरती वीज तयार होते. नायलॉनला चुंबक ओळखत नाही, म्हणून तिथे हा पिकअप चालत नाही. १९३९ साली गिटारवादक चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या जॅझ ताफ्यात आला आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने सोलो घेऊ लागली. पण पोकळ गिटार अ‍ॅम्पच्या आवाजानेच थरथरते, ती थरथर पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जाते आणि कर्कश शीळ सुरू होते. यावर उपाय म्हणून पोकळीच काढून टाकली. १९५० मध्ये लिओ फेंडरने सबंध लाकडाची गिटार बाजारात आणली. स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. गंमत म्हणजे जी शीळ घालवायला एवढी खटपट झाली, तिलाच पुढे रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने सुरासारखं वापरलं.

आवाजाची चिंता मिटली तेव्हा हातांच्या कामाची वाटणी बदलली. जोर काढायची जबाबदारी उजव्या हातावरून उतरली. तारा बारीक झाल्या, त्या डाव्या बोटाने ओढून सूर चढवता येऊ लागला. नुसतं बोट आपटूनही तार बोलू लागली. हे सगळं फ्रेडी ग्रीनच्या गिटारवर करून बघा, बोटं सोलवटतील.

आता याला जोडून येणारा दुसरा प्रश्न: घरात नायलॉनची गिटार पडून आहे, तिच्यावर स्टीलच्या तारा चढवू का? चढवू नका. ४० किलोंच्या हिशेबाने केलेल्या फळीवर ७० किलो आले की आधी ब्रिजमागे फळी फुगते, मग एखाद्या दिवशी ब्रिजच उपटून हातात येतो. उलट केलंत तर मोडणार काही नाही, पण स्टीलसाठी केलेली दणकट फळी नायलॉनला दाद देत नाही, आवाज मिळमिळीत निघतो. आहे त्या गिटारचा आवाज वाढवायचा असेल तर उजव्या हाताची नखं थोडी राखा आणि आपोयांदो घोटा.