तुम्ही विचारलंत म्हणून: आरएसए असताना एलिप्टिक कर्व्ह कशाला?

आरएसए ही मजकूर कूटबद्ध करण्याची जुनी पद्धत (तिची भिस्त मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असण्यावर आहे) नीट चालत असताना एलिप्टिक कर्व्हकडे, म्हणजे एका गणिती वक्रावरच्या बिंदूंवर बेतलेल्या पद्धतीकडे, वळावे का, असे मला अनेकदा विचारले जाते, आणि विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: किल्ली लहान होते, म्हणून वळावे. ते खरेच आहे. ३०७२ बिटांच्या आरएसए किल्लीइतके संरक्षण २५६ बिटांचा कर्व्ह देतो, आणि आरएसएला जिथे ७६८० बिट लागतात तिथे कर्व्हचे ३८४ मध्ये भागते, कारण मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या ज्या वेगवान पद्धती सापडल्या आहेत, त्यांच्या तोडीचे काही नीट निवडलेल्या कर्व्हवर चालत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. आरएसएमध्ये समोरच्याच्या सार्वजनिक, म्हणजे सर्वांना उघड असलेल्या, किल्लीने एखादी लहानशी गुपित संख्या थेट कूटबद्ध करता येते. कर्व्हवर प्रचलित पद्धतीत तसे करत नाहीत. तिथे पाठवणारा प्रत्येक संदेशासाठी तात्पुरती किल्लीजोडी (एक खासगी संख्या आणि तिच्यावरून काढलेला कर्व्हवरचा सार्वजनिक बिंदू) तयार करतो आणि तिच्यातील खासगी संख्येने समोरच्याच्या सार्वजनिक बिंदूला गुणतो. घेणारा आपल्या खासगी संख्येने त्या तात्पुरत्या बिंदूला गुणून त्याच उत्तरावर पोचतो, आणि त्या सामायिक उत्तरातून काढलेल्या एईएस किल्लीने (एईएसमध्ये बंद करायला आणि उघडायला एकच किल्ली लागते) मजकूर बंद होतो. ईसीआयईएस म्हणतात ती हीच रचना. माझ्या ओळखीच्या एका चमूने केवळ किल्ली बदलायची आहे असे समजून लायब्ररीत 'एन्क्रिप्ट' नावाचे फंक्शन शोधण्यात दोन दिवस घालवले, आणि हाती असलेली किल्ली कूटबद्ध करण्यासाठीची नसून डिजिटल सहीसाठीची आहे हे त्यानंतर त्यांच्या लक्षात आले.

आलेला बिंदू खरोखर आपल्याच कर्व्हवर आहे का, हेही तपासावे लागते. नाहीतर हल्लेखोर दुबळ्या कर्व्हवरचे बिंदू पाठवून खासगी संख्या तुकड्यातुकड्याने काढून घेतो. कूटशास्त्रज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांच्या एक्स२५५१९ या कर्व्हवरच्या किल्ली-देवाणघेवाणीच्या पद्धतीच्या रचनेतच हा धोका टाळलेला आहे आणि सार्वजनिक किल्ली अवघी ३२ बाइटांची आहे, म्हणून दुसऱ्या एखाद्या कर्व्हची सक्ती नसेल तिथे मी तेच सुचवतो.

राहिला क्वांटम संगणकाचा प्रश्न. गणितज्ञ पीटर शोर यांची १९९४ ची पद्धत पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर दोन्ही मोडू शकते, आणि लहान किल्लीमुळे कर्व्ह मोडणे उलट स्वस्त पडेल असाच अंदाज आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने तर २०१५ मध्ये, ज्यांनी अजून कर्व्ह स्वीकारलेला नाही त्यांनी आता त्यावर मोठा खर्च करू नये, असेच सांगितले होते. त्यामुळे आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकटा कर्व्ह न घेता, क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून बेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या एमएल-केईएम या पद्धतीची त्याला जोड द्यावी, असे माझे मत आहे. त्यापायी, तिचा एमएल-केईएम-७६८ हा मधला प्रकार घेतल्यास, सार्वजनिक किल्लीत ११८४ बाइटांची भर पडते आणि लहान किल्लीचे कौतुक तिथेच संपते.

जुनी आरएसए खासगी किल्ली मात्र, तिच्याखाली बंद केलेली शेवटची फाइल उघडून नव्याने बंद होईपर्यंत, पुसू नका.