नोकरी सोडली, पेन्शनचे पैसे मात्र काढले नाहीत

मार्चअखेर मी नोकरी सोडली. वडिलांच्या आजारपणामुळे निदान दोन वर्षे घरी थांबणे भाग होते, त्याबद्दल मनात दुमत नव्हते. प्रश्न पडला तो पीएफच्या पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्याचा. कंपनीच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिथे जातात, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे ते दरमहा १,२५० रुपयांवर थांबतात आणि त्यांवर पीएफसारखे व्याज जमा होत नाही. दोन कंपन्या मिळून माझी सेवा ८ वर्षे २ महिने भरली. दरमहा पेन्शन मिळायला लागणारी दहा वर्षे झालेली नसल्यामुळे फॉर्म १०-सी भरून एक तर रक्कम काढून घ्यायची, नाही तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद राखणारा दाखला, मागायचे, असे दोन मार्ग होते.

ऑफिसातल्या बहुतेकांनी रक्कम काढून घेण्याचाच सल्ला दिला. मी कागद घेऊन बसले. हाती सव्वा लाखाच्या आसपास आले असते. आज मी ३९ वर्षांची आहे; ही रक्कम ७ टक्क्यांनी १९ वर्षे हात न लावता ठेवली, तर ५८ व्या वर्षी साडेचार लाख होतात आणि ६ टक्के व्याजाने दरमहा २,२५० रुपये सुटतात, शिवाय मुद्दल शाबूत राहते. याउलट दहा वर्षे भरून निघालेली पेन्शन १५,००० गुणिले १० भागिले ७० या सूत्राने २,१४३ रुपये होते आणि त्यासाठी उरलेली सेवा पुन्हा नोकरी करूनच भरावी लागेल. नुसता हिशेब पाहिला तर पैसे काढणेच बरे, हे मी मान्य करते.

तरीही मी ते काढले नाहीत, कारण काढलेल्या रकमेबरोबर सेवेची ती आठ वर्षेही पुसली जातात आणि पुढच्या नोकरीत मोजणी शून्यापासून सुरू होते. सर्टिफिकेट घेतले तर ती वर्षे पुढच्या सेवेत मिळवली जातात. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा अपूर्णांक पूर्ण वर्ष धरला जात असल्याने मला आणखी १ वर्ष ४ महिने पुरतील. १९ वर्षे हात न लावता ठेवायच्या रकमेचे आमच्या घरात काय होते, हेही मला ठाऊक आहे: पहिल्या नोकरीत असताना पीएफमधून काढलेली रक्कम घराच्या दुरुस्तीत सहा महिन्यांत संपली होती.

दुसरे कारण सासूबाई. सासरे कारखान्यात होते. त्यांच्या पश्चात सासूबाईंना महिन्याला हजार रुपये मिळतात, याच पीएफच्या पेन्शनची २०१४ पासूनची किमान रक्कम. हयातीचा दाखला द्यायला दरवर्षी मी त्यांच्याबरोबर जाते. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रावर ठसा तीन-तीनदा द्यावा लागतो, तेव्हा त्या अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवतात. हजार रुपयांत महिना भागत नाही, हे उघड आहे, आणि ही रक्कम वाढायलाच हवी असे माझे ठाम मत आहे. पण रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्यांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

अर्ज करताना एक अडचण आली. पहिल्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. सोडून दोन महिने झाले की सभासदाला ती पोर्टलवर स्वतः भरता येते. मी ती नियुक्तिपत्राशेजारी ठेवलेल्या कार्यमुक्तीच्या पत्रावरून भरली. मग १०-सीमध्ये सर्टिफिकेटचा पर्याय निवडून कुटुंबाच्या तपशिलात नवऱ्याचे नाव आणि मुलीची जन्मतारीख लिहिली.