तुम्ही विचारलंत म्हणून: जुने फोटो नव्या कम्प्युटरवर नेताना

"नवा कम्प्युटर घेतलाय. जुन्यातले फोटो त्यात कसे आणू?" फोनवर ख्यालीखुशाली विचारून झाली की हा प्रश्न हमखास येतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून तर फारच. वर्षानुवर्षं घराच्या कोपऱ्यात बसलेली मशीन्स बदलायची वेळ आली आहे आणि प्रत्येकाच्या पोटात घरादाराचे फोटो आहेत.

फोटो नेणं अवघड नाही. अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायचा आणि तिथून नव्या मशीनवर. अवघड आहे ते फोटोंबरोबरचं बाकीचं सगळं नेणं. कुठला फोटो कधीचा, त्यात कोण कोण आहे, कुठले तुम्ही तारा लावून वेगळे काढले होते, कुठल्याखाली दोन ओळी लिहिल्या होत्या. यातलं बरंचसं फोटोच्या फाइलमध्ये नसतंच, आसपास कुठेतरी ठेवलेलं असतं. फोटो हरवले तर त्याच दिवशी लक्षात येतं. ही माहिती हरवलेली कळायला वर्षं जातात आणि तोवर सांगणारी माणसं राहिलेली नसतात. म्हणून मी प्रत्येकाला मागे लागून सांगतो, की फोटो आणि माहिती दोन्ही न्या, आणि जुनं मशीन चालू आहे तोवरच न्या.

माझ्या आत्याचंच बघा. ती साताऱ्याला असते. पहिला डिजिटल कॅमेरा घेतल्यापासूनचे तिचे सगळे फोटो पिकासात लावलेले होते. पिकासा म्हणजे फोटो लावून ठेवायचा, किरकोळ दुरुस्त्या करायचा फुकट प्रोग्राम. गूगलने तो २००४ मध्ये विकत घेतला आणि १५ मार्च २०१६ पासून त्याचं काम थांबवलं. पण ज्यांच्या कम्प्युटरवर तो आधीपासून होता, त्यांच्याकडे तो पुढेही चालत राहिला. आत्या रोज दुपारी निगुतीने बसायची. आडवे फोटो उभे करायचे, चेहऱ्यांना नावं द्यायची, आवडीच्या फोटोंना तारा लावायचा.

नवा कम्प्युटर बसवायला आलेल्या मुलाने फोटो व्यवस्थित आणून दिले होते, एकही कमी नव्हता. पण आत्याने मेणवलीच्या घाटाचा फोल्डर उघडला तर निम्मे फोटो आडवे पडलेले. "अरे, हे सगळे मी सरळ केले होते की!" तारे गेले, नावं गेली. मुलाचा काही दोष नव्हता, पिकासाची पद्धतच तशी होती. तो मूळ फोटोला हात लावत नाही. फोटो फिरवला, उजळ केला, कापला, की त्याची नोंद त्याच फोल्डरमधल्या एका लपवलेल्या छोट्या फाइलमध्ये करतो. पिकासात बघताना फोटो सरळ दिसतो, बाकी कुठेही उघडला की पूर्वीसारखा आडवा.

ती फाइल मी आत्याला नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. चौकोनी कंसात फोटोचं नाव, त्याखाली एक ओळ: 'रोटेट'. त्याखाली 'स्टार, येस'. त्याखाली 'फेसेस' आणि पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ती माळ म्हणजे चेहरा फोटोत नेमका कुठे आहे तो चौकोन आणि त्या माणसाचा सांकेतिक क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, हे पिकासा वेगळ्या यादीत ठेवतो. म्हणजे आत्याची इतक्या वर्षांची मेहनत काही केबींच्या साध्या मजकुरात शाबूत होती. फक्त नव्या कम्प्युटरवर तो मजकूर वाचणारं कुणी नव्हतं.

जुनं मशीन सुदैवाने अजून तिथेच होतं. तिथे पिकासा उघडून एकेका फोल्डरवर 'सेव्ह' दिलं. तसं केलं की दुरुस्त्या खरोखरच फोटोत उतरतात आणि मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये आत, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. ऑप्शन्समध्ये चेहऱ्यांची नावं फोटोतच लिहून ठेवायची सोय आहे, तीही चालू केली. फोटोखाली लिहिलेल्या ओळी जेपीजी फोटोंमध्ये पिकासा आधीपासूनच फाइलच्या आत लिहितो, त्यामुळे त्या सुखरूप होत्या. तारे मात्र असे उतरत नाहीत. तारा लावलेले फोटो एकत्र निवडून त्यांना एक टॅग दिला, कारण टॅग फाइलच्या आत जातो. पिकासातले 'अल्बम' हे खरे फोल्डर नसतात, नुसती यादी असते. जे हवे होते ते एक्स्पोर्ट करून वेगळे काढले. नव्या कम्प्युटरवर आता डिजिकॅम हा फोटो लावून ठेवायचा प्रोग्राम आहे. फुकट आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि फोटोच्या आत लिहिलेली नावं त्याला वाचता येतात.

पिकासा नसेल तर तुमच्याकडे दुसरं काहीतरी असेल, पण प्रश्न तोच. या प्रोग्रामने माझं लिहिलेलं कुठे ठेवलंय, फोटोत की स्वतःच्या वहीत? लाइटरूम हा अ‍ॅडोबीचा फोटो लावायचा-सुधारायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांची वही म्हणजे त्याचा कॅटलॉग. ती फाइल फोटोंबरोबर न्यायलाच हवी. मॅकवर फोटोज या अ‍ॅपलच्या प्रोग्रामची सगळी लायब्ररी एकाच फाइलसारखी दिसते, प्रत्यक्षात तो फोल्डर असतो. ती आत शिरून न उपसता अखंड उचलायची आणि बाहेरची डिस्क विंडोज-मॅक दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटऐवजी मॅकच्या स्वतःच्या फॉरमॅटची घ्यायची. नव्या मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून फोटोज उघडलं की कुठली लायब्ररी हवी ते विचारतं. फोटोजच्या आधीच्या, जुन्या आयफोटो प्रोग्रामची लायब्ररी असेल तर जुना मॅक विकायच्या आत हे करा. मॅकच्या सिस्टिमच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून आयफोटो चालतच नाही.

आता प्रत्यक्ष कॉपी करण्याबद्दल. इथे माझा एकच हट्ट असतो, आधी हलवा, आवरायचं नंतर. घर बदलताना ट्रक दारात उभा असताना कुणी जुनी पत्रं चाळत बसत नाही. लोक मात्र "आता नेतोच आहे तर जरा साफसफाई करून नेऊ" म्हणून जुन्या मशीनवर डिलीट करत सुटतात, आणि चुकून गेलेल्याची दुसरी प्रत कुठेच नसते. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतणं, हीही तशीच चूक. कॅमेरे फोटोंना चार-पाच आकडी नंबर देतात, ९९९९ झाले की बरेच कॅमेरे परत १ वर येतात, आणि घरातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचेही नंबर तेच असतात. सगळं एकत्र ओतलं की विंडोज विचारतं, याच नावाची फाइल आहे, बदलू का? घाईत 'हो' म्हटलं की बारशाचा फोटो जाऊन तिथे सहलीचा बसतो. फोल्डर जसे आहेत तसेच न्या. शिवाय फोल्डरच्या आत जाऊन सगळं निवडू नका, बाहेरून अख्खा फोल्डर उचला. आत जाऊन निवडलं की पिकासाच्या त्या लपवलेल्या फाइलसारखं न दिसणारं मागे राहतं.

पेन ड्राइव्हने थोडं थोडं नेण्यापेक्षा बाहेरची हार्ड डिस्क बरी. बरेच पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचे असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. जुन्या मशीनला यूएसबी २ चं पोर्ट असेल तर सेकंदाला तीसेक एमबीचा वेग मिळतो, म्हणजे २०० जीबीला दोन तास सहज. रात्री लावून झोपा. जुनं मशीन सुरूच होत नसेल तरी धीर सोडू नका. बहुतेकदा डिस्क ठणठणीत असते. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की बाहेरच्या डिस्कसारखी वाचता येते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र दुरुस्तीचे प्रोग्राम चालवत बसू नका, ती बंद करून जाणकाराकडे न्या.

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं नाही. दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि बाइट्स शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले पाहिजेत. त्याहून खात्रीचं हवं तर फ्रीफाइलसिंकसारखा प्रोग्राम दोन्हीकडच्या फाइली आतून ताडून बघतो. वेळ लागतो, पण लागू द्या.

यानंतर तारखांचा घोळ निघतो. नव्या कम्प्युटरवर सगळे फोटो 'आजच' तयार झालेले दिसतात आणि लोक घाबरतात. घाबरू नका. विंडोज फाइल तयार झाल्याची तारीख म्हणून कॉपी केल्याचा दिवस दाखवतं. फोटो काढल्याची खरी तारीख एक्झिफ नावाच्या नोंदीत, फोटोच्या आत असते; कॉपी करून ती बदलत नाही. यादी 'डेट टेकन'प्रमाणे लावा, म्हणजे सगळं जागेवर येतं. ज्यांना एक्झिफच नाही त्यांची गोष्ट वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंमधून ती नोंद गळून पडते, पण अँड्रॉइड फोनवर अशा फोटोच्या नावात तो आल्याचा दिवस असतो, म्हणून ती नावं बदलू नका. कागदी फोटो स्कॅन केलेले असतील तर त्यांच्यावर स्कॅन केल्याची तारीख असते आणि आजोबांची मुंज २०१२ मध्ये झालेली दिसते. कॅमेऱ्याची बॅटरी उतरून घड्याळ मागे गेलेलं असतं, तेही इथेच उघडं पडतं. एकदोन फोटो असतील तर प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये जाऊन तारीख बदलता येते, शेकड्यांनी असतील तर त्या एकदम बदलायला एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम आहे.

"एवढं कशाला, गूगल फोटोजवर टाकून दिलं की झालं," असंही बरेच म्हणतात. टाका की, एक जादा प्रत केव्हाही चांगली. पण १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट. आणि तिथून कधी सगळं उतरवून घेतलंत तर तिथे बदललेल्या तारखा आणि लिहिलेल्या ओळी फोटोच्या आत येत नाहीत, प्रत्येक फोटोबरोबर वेगळ्या फाइलमध्ये येतात. म्हणजे वही परत वेगळीच.

राहिलं ते सगळ्यात मोलाचं काम, आणि ते कुठलाही प्रोग्राम करून देणार नाही. सगळं नव्या मशीनवर आलं, जुळलं, की घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. मी आत्याशेजारी बसलो होतो. वाईच्या ढोल्या गणपतीसमोरचा फोटो, दहा-बारा माणसं. मी विचारत होतो, ती सांगत होती. डावीकडून पहिली नमूआक्का, तिच्या कडेवर पुण्याच्या वन्संचा धाकटा, मागे टोपीतले भाऊजी. कोपऱ्यात अर्धवट दिसणाऱ्या बाईंपाशी ती थांबली, चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाली, "या शेजारच्या बिऱ्हाडातल्या. यांनीच त्या दिवशी सगळ्यांना जेवू घातलं होतं." मी तसंच लिहिलं, मराठीत, फोटोच्या माहितीतच. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, तो चालू केला की लिहायला त्रास नाही. एका बैठकीत फार होत नाही, माणूस दमतं, आठवणीत रमतं. सगळे फोटो करायचेच असंही नाही. ज्यातली माणसं फक्त त्या एकाच व्यक्तीला ओळखू येतात, ते आधी घ्या.

हे करताना फोल्डरना नावं देत चला. आधी वर्ष, मग महिना, मग जागा, म्हणजे ते आपोआप ओळीने लागतात. डबल झालेले फोटो काढायचेत तेही आता काढा, तेही बाहेरच्या डिस्कवर अखंड प्रत आहे याची खात्री करून.

आणि जुनं मशीन? भंगारवाल्याला किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई करू नका, एक दिवाळी जाऊ द्या. तेवढ्या काळात "तो अमुक फोटो कुठे गेला?" असं कुणीतरी विचारतंच, आणि कधी कधी तो खरंच डेस्कटॉपवरच्या नाहीतर डाउनलोड्समधल्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये राहिलेला असतो. मशीन देताना आतली हार्ड डिस्क काढून घ्या, त्यावर तारीख लिहा. बाहेरची डिस्क मात्र त्याच कपाटात ठेवू नका, बहिणीकडे नाहीतर मुलाकडे, दुसऱ्या घरात ठेवा. आत्याची माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा मी ती जोडून दोन-चार फोल्डर उघडून बघतो आणि नवे फोटो तिच्यात भरून परत ठेवून देतो.